बाटलीवर लॉर्डचे नाव

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला येणारा एक तरुण सध्या एका मोठ्या हॉटेलात कॉमी शेफ आहे. पहिली दोन वर्षे त्याने कांदे सोलले, कोळंबी साफ केली. यंदा त्याला ग्रिलवर घेतले. ग्रिलवर म्हणजे स्टेक भाजायचा आणि त्याच्यासोबत जाणारे सॉस, तळलेले बटाटे, सॅलड हे सगळे तयार ठेवायचे. परवा वर्ग संपल्यावर तो मागे थांबला. म्हणाला, "ताई, आमचे सिनियर म्हणतात, सॉस म्हणजे युरोपचं डोकं. तुमच्या लोकांना मीठ-मिरचीच्या पुढं काय ठाऊक?"

"तुमचे लोक" म्हणजे कोण, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

ट्रेनिंगमध्ये प्रत्येक पदार्थाची एकेक गोष्ट सांगतात. ती त्याने वहीत उतरवून आणली होती. वूस्टरशर सॉस: बंगालचे माजी गव्हर्नर लॉर्ड सँडीस यांनी इंग्लंडला नेलेली पाककृती. चिमीचुरी: जिमी मॅकरी नावाच्या गोऱ्या गृहस्थाने अर्जेंटिनात केलेला सॉस. बेअरनेज: फ्रान्सच्या चौथ्या हेन्री राजाच्या मूळ प्रांतावरून. शातोब्रियाँ: एका फ्रेंच मुत्सद्दी लेखकाच्या नावाचा स्टेक. बटाटा: पारमाँतिये यांनी फ्रान्सला खायला शिकवला. वहीचे ते पान म्हणजे दरबाराची हजेरी होती. जनावर सोलणारा, मसाला वाटणारा, बटाटा पहिल्यांदा जमिनीतून उकरणारा, यांतला एकही माणूस त्यात नव्हता.

अशी यादी पाहिली की मला गप्प बसवत नाही. पदार्थ एकाने घडवायचा आणि नाव दुसऱ्याचे लागायचे, हे आपण गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. म्हणून त्या पानावरची एकेक गोष्ट तपासून पाहिली.

वूस्टरशरपासून सुरुवात करू, कारण तिथे खोटे सरळ पकडता येते. इंग्लंडमधल्या वूस्टर गावात जॉन व्हीली ली आणि विल्यम पेरिन्स या दोन औषधविक्रेत्यांनी हा सॉस १८३७ च्या सुमारास बाजारात आणला. गोष्ट अशी सांगतात की बंगालहून परतलेल्या लॉर्डने तिकडची पाककृती त्यांच्याकडून करवून घेतली, ती इतकी उग्र निघाली की पिंप तळघरात टाकून दिले आणि काही काळाने उघडले तर चव जमून आलेली. लेबलवर बराच काळ 'परगण्यातील एका उमरावाची पाककृती' असे छापले जात होते. ब्रायन कीओ यांनी १९९७ मध्ये या सॉसचा इतिहास लिहिला. त्यात त्यांनी स्पष्ट केले की सँडीस नावाचा कुणीही लॉर्ड बंगालचा गव्हर्नर कधीच नव्हता. तो भारतात आल्याचीही नोंद नाही.

मग बाटलीत आहे काय? व्हिनेगर, काकवी, साखर, मीठ, कांदा, लसूण, मसाले, मुरवलेली अँकोव्ही मासळी आणि चिंच. अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली मासळी. चिंच मूळची आफ्रिकेची, पण अरबांनी तिला 'तमर हिंदी' म्हणजे हिंदचा खजूर म्हटले आणि तेच पुढे इंग्रजीत टॅमरिंड झाले. मासळी मुरवून तिचे खारे पाणी जेवणात घालायचे तंत्र प्राचीन रोमनांनाही ठाऊक होते, पण इंग्रज व्यापाऱ्यांनी ते आग्नेय आशियात नव्याने चाखले. तिथले चिनी लोक आपल्या होक्कियन बोलीत त्या रसाला के-चियाप म्हणत. हाच शब्द केचप झाला. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ च्या पाकपुस्तकात जहाजाच्या कप्तानांसाठी वीस वर्षे टिकणारे केचप दिले आहे. त्यात टोमॅटो नाही. अळंबी, अँकोव्ही आणि शिळी बिअर आहे. टोमॅटोचे केचप त्यानंतरचे, अमेरिकेतले, जेम्स मीझ यांनी १८१२ मध्ये छापलेले. म्हणजे आज स्टेकशेजारी ठेवलेल्या दोन्ही बाटल्या आशियाई कोळ्यांच्या आणि खलाशांच्या चवीची वंशावळ सांगतात. लेबल मात्र उमरावाचे. कारण उघड आहे. 'अनोळखी कोळ्यांची पाककृती' असे छापले असते तर लंडनच्या बाईसाहेबांनी ती बाटली विकत घेतली नसती.

इथे एक कबुली देऊन टाकते. प्रत्येक सॉस कष्टकऱ्यांच्या चुलीवर जन्मला, असा माझा दावा नाही. बेअरनेज हा अंड्याचा बलक, लोणी, व्हिनेगर आणि टॅरागॉनच्या पानांचा सॉस. तो एकोणिसाव्या शतकात पॅरिसजवळच्या साँ-जेर्माँ-आँ-ले इथल्या एका उंची हॉटेलात घडला असे मानतात. इतके लोणी गरिबाच्या घरात कुठून येणार! तो त्यांचा आहे, त्यांनाच लखलाभ. प्रश्न उरलेल्या यादीचा आहे.

चिमीचुरीकडे येऊ. त्या मुलाच्या हॉटेलात सगळ्यात जास्त हाच खपतो.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी दक्षिण अमेरिकेत गुरे नेली. आजच्या अर्जेंटिनातल्या पॅम्पास या अफाट गवताळ मैदानात ती मोकाट वाढली, रानटी झाली. त्या काळी भाव मांसाला नव्हता, कातड्याला होता. जनावर पाडायचे, कातडे काढायचे आणि बाकीचे तिथेच टाकायचे. हे काम करणारे घोडेस्वार म्हणजे गाउचो. स्पॅनिश, मूलनिवासी आणि आफ्रिकी अशा मिसळलेल्या रक्ताचे, जमीन नसलेले, सरकारी कागदात भटके आणि उनाड ठरवलेले लोक. आज अर्जेंटिना ज्याला राष्ट्रीय भोजन म्हणते तो आसादो, म्हणजे निखाऱ्यावर सावकाश भाजलेले मांस, ते याच लोकांचे जेवण होते.

नंतर सालादेरो निघाले, मांस खारवण्याचे कारखाने. तिथे मांसाचे थर मिठात घालून उन्हात वाळवत. हे वाळवलेले मांस, तासाहो, जहाजांत भरून ब्राझीलला आणि क्यूबाला जाई. तिथे ते कोण खात होते? ऊस आणि कॉफीच्या मळ्यांवर राबणारे आफ्रिकी गुलाम. मालकाला त्यांच्या अंगात काम करण्यापुरती ताकद हवी होती आणि त्यासाठी सगळ्यात स्वस्त, टिकाऊ प्रथिन हे होते. वाळवलेल्या मांसाला त्या भागात चार्की हा दुसरा शब्द आहे, तो अँडीज पर्वतातल्या क्वेचुआ भाषेचा. इंग्रजीतली जर्की तिथूनच आली. आज विमानतळावर जर्कीचे छोटे पाकीट महागात विकत घेणाऱ्या आपल्याच मुलांनी घरी आजीला चान्या कशा करायच्या ते विचारावे. पट्ट्या काप, मीठ लाव, दोरीवर उन्हात घाल. कृती तीच.

आता ब्युनोस आयर्स शहरात या. १७७८ च्या जनगणनेत या शहराचे सुमारे ३० टक्के लोक आफ्रिकी वंशाचे होते. आज अर्जेंटिना स्वतःला युरोपियनांचा देश म्हणवून घेते, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा. याच शहराच्या कत्तलखान्यावर एस्तेबान एचेवेरिया या उच्चभ्रू लेखकाने १८३८ ते १८४० च्या सुमारास 'एल मातादेरो' ही कथा लिहिली. ती छापली गेली १८७१ मध्ये, तो वारल्यानंतर. कथेत कत्तलखान्याच्या चिखलात काळ्या आणि मिश्रवंशी बायका आतडी, चरबी, पोटाचे तुकडे गोळा करत फिरतात. लेखकाला त्यांच्याविषयी कणव नाही, किळस आहे. पण त्याच्या किळसेमुळेच त्यांची नोंद राहिली. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) मध्ये गोमांसाचा इतिहास उकलताना शतपथ ब्राह्मण आणि आपस्तंब धर्मसूत्रच साक्षीला उभे केले होते. विरोधकाच्या पोथीतून आपला पुरावा काढायची ती रीत इथेही कामी येते.

त्या बायका जे वेचत होत्या त्याला आचुरा म्हणतात. हाही शब्द क्वेचुआचा. आतडी, ग्रंथी, गुरदा. धनिकांनी फेकायचे आणि यांनी उचलायचे. आज ब्युनोस आयर्सच्या कुठल्याही नामांकित भोजनालयात बसा, स्टेकच्या आधी पानात आचुराच येतात. मोयेखा म्हणजे ग्रंथी, चिंचुलिन म्हणजे कुरकुरीत भाजलेले आतडे, मोर्सिया म्हणजे रक्त भरलेले सॉसेज. मोयेखाला तर कधी चांगल्या मांसाहून जास्त भाव मिळतो. आपल्याकडे वजडी आणि रक्ती म्हटले की नाक मुरडणारे तिकडे फिरायला गेले की त्याचेच फोटो टाकतात. असो.

चिमीचुरी या ताटाची सोबतीण. अजमोद्याच्या भावकीतली पार्सली, लसूण, ओरेगॅनो, कुटलेली लाल मिरची, व्हिनेगर, तेल, मीठ. मांस चरबट असले तर व्हिनेगर ते तोडते, चिवट आणि उग्र असले तर लसूण-मिरची सांभाळून घेते. शिजवायची गरज नाही, भांडे लागत नाही, बाटलीत भरली तर दिवसेंदिवस टिकते. कुरणात किंवा कत्तलखान्याबाहेर शेकोटीशी जेवणाऱ्या माणसाची सगळी गरज या कृतीत दिसते. जिमी मॅकरीची मात्र कुठेच दिसत नाही. त्याच्याविषयी एकही समकालीन पुरावा सापडलेला नाही. दुसरी दंतकथा सांगते की १८०६-०७ च्या स्वारीत पकडलेल्या इंग्रज कैद्यांनी मोडक्या स्पॅनिशमध्ये 'करी' मागितली, त्यातून हा शब्द झाला. तिसरी व्युत्पत्ती बास्क भाषेतल्या, वाटेल तशा केलेल्या मिश्रणाच्या नावाशी नाते जोडते. या तिसरीत निदान स्थलांतरित मजुरांना जागा आहे. पण लोकप्रिय कोणती झाली? जिमीची. कारण शोध म्हटला की शोधक लागतो आणि शोधक म्हटला की तो गोरा, पुरुष आणि एकटा लागतो. शेकडो हातांनी पिढ्यांमागून पिढ्या घडवलेली वस्तू लोकांच्या कल्पनेत बसतच नाही.

बटाट्याचे थोडक्यात. टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या मूलनिवासी शेतकऱ्यांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. रात्रीच्या थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवून त्याचे चुन्यो करायची युक्तीही त्यांचीच. पोटोसीच्या चांदीच्या खाणीत स्पॅनिशांनी जे वेठबिगार उतरवले ते या चुन्योवर जगले आणि त्या चांदीवर युरोप श्रीमंत झाला. तोच बटाटा फ्रान्समध्ये पोचला तेव्हा १७४८ मध्ये पॅरिसच्या पार्लमेंटने त्यावर बंदी घातली. पुढे प्रशियाच्या कैदेत बटाटे खाऊन जगलेल्या पारमाँतियेने त्याची वकिली केली आणि १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने तो खाण्याजोगा ठरवला. पारमाँतियेच्या नावाने आज पॅरिसमध्ये मेट्रो स्टेशन आहे. त्याने चांगले काम केले, नाकारायचे कारण नाही. पण ज्या गोष्टीवर अँडीजमधली माणसे हजारो वर्षे जगत होती ती 'खाण्याजोगी आहे' असा दाखला पॅरिसने देईपर्यंत ती ज्ञान ठरत नाही, हे मात्र ध्यानात घ्या.

आणि अमेरिकेत? तिथे फ्रेंच पद्धतीचे सॉस आणि तळलेले बटाटे म्हटले की थॉमस जेफरसनचे नाव निघते. जेफरसन स्वयंपाकघरात काय करत होता ते सोडा. स्वयंपाक करत होता जेम्स हेमिंग्ज, १७६५ मध्ये जन्मलेला त्याचा गुलाम. नात्याने तो जेफरसनच्या पत्नीचा सावत्र भाऊ होता, कारण तिच्या बापाने आपल्या गुलाम स्त्रीला मुले दिली होती. १७८४ मध्ये जेफरसन राजदूत म्हणून पॅरिसला गेला तेव्हा जेम्सला सोबत नेले, तिथल्या आचाऱ्यांच्या हाताखाली शिकायला घातले. फ्रान्समध्ये त्याला कायद्याने स्वातंत्र्य मागता आले असते. तो परतला. १७९३ मध्ये जेफरसनने लिहून दिले की तू दुसऱ्या कुणाला तरी हे सगळे शिकव, मग तुला मुक्त करतो. जेम्सने धाकट्या भावाला, पीटरला, तयार केले. तोही गुलामच. १७९६ मध्ये जेम्स सुटला. जाताना त्याने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहिली. ती आज अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयात आहे. १८०१ मध्ये त्याने आत्महत्या केली.

ही हकीकत मी वर्गात सांगितली तेव्हा बराच वेळ कुणी बोलले नाही. सुटकेची किंमत म्हणून स्वतःचे कसब भावाच्या गळ्यात बांधून जायचे. भाऊ मात्र आतच.

आता आपल्या देशात. इंग्रज साहेबाला स्टेक हवा असे. गाईचे मांस शिजवायला सवर्ण हिंदू आचारी तयार नसे. मद्रास प्रांतात मग साहेबांच्या बंगल्यात परिया म्हणून हिणवलेल्या जातीतली माणसे स्वयंपाकघर सांभाळत. १८७८ मध्ये 'व्हायव्हर्न' या टोपणनावाने कर्नल केनी-हर्बर्ट यांनी 'क्युलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास' हे पुस्तक काढले. त्यात सॉस कसे करावेत याचे रीतसर धडे आहेत. धडे मेमसाहेबांना, हात आचाऱ्याचे. आणि पुस्तकात त्या आचाऱ्याला नाव काय? 'रामासामी'. हे कुणा एका माणसाचे नाव नव्हे. सगळ्या मद्रासी आचाऱ्यांना मिळून ठेवलेले एक नाव. महाराष्ट्रात एखाद्याला नावाऐवजी जातीने हाक मारायचे तसेच ते. त्या रामासाम्यांपैकी कुणी साहेबाच्या सॉसमध्ये स्वतःच्या अकलेने चिंच पिळली असेल, मिरी वाढवली असेल, तर त्याची नोंद होण्याची सोयच त्या पुस्तकात नव्हती.

मला ठाऊक आहे, काही कार्यकर्ते विचारतील: ताई, गुलामीच्या अन्नाचे कौतुक कशाला? १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले ना? सांगितले, आणि ते शंभर टक्के बरोबर होते. ते मांस म्हणजे मेलेली ढोरे ओढायच्या सक्तीचा मोबदला होता. ते सोडणे म्हणजे ती सक्ती झुगारणे होते. कुणी ते पुन्हा खावे असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्या वाट्याला फक्त टाकाऊ आले त्यांनी त्यातून चव, टिकाऊपणा, प्रमाण, तंत्र घडवले. ती अट त्यांच्यावर लादलेली होती, हे तंत्र मात्र त्यांचे स्वतःचे. लादलेले नाकारायचे आणि कमावलेले मात्र सोडायचे नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक नेमके हेच करते. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे.

आणि आज कायद्याचाही मामला आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. राज्याबाहेरून आणलेले असे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केले, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. त्यामुळे आपल्याकडच्या हॉटेलात आज स्टेक असतो तो म्हशीचा. गरिबाच्या ताटातले 'मोठ्याचं' म्हटले की पोलीस आठवतात आणि मेनूकार्डावर 'टेंडरलॉइन' लिहिले की मेणबत्ती लावतात.

त्या मुलाने सुट्टीच्या दिवशी घरी बेत केला, मलाही बोलावले. खाटकाकडून म्हशीचा अंडरकट आणला होता. दोन बोटे जाडीचे तुकडे, फक्त मीठ आणि मिरी, लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवलेला. पार्सली मिळाली नाही, म्हणून कोथिंबिरीची जुडी घेतली. पाच-सहा लसूण पाकळ्या, पिझ्झासोबत आलेल्या ओरेगॅनोच्या साठवलेल्या पुड्या, चमचाभर कुटलेली लाल मिरची. मिक्सर लावू दिला नाही त्याने. सगळे सुरीने बारीक चिरले, कोमट मिठाच्या पाण्यात भिजवले, मग व्हिनेगर आणि सूर्यफुलाचे तेल घालून दोन तास झाकून ठेवले. बाजूला कांदा, टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची व्हिनेगर घातलेली कोशिंबीर, अर्जेंटिनात तिला साल्सा क्रियोया म्हणतात. बटाटे सालासकट उकडून, तळहाताने चेपून, तव्यात खरपूस केलेले.

त्याच्या आईने चिमीचुरी बोटावर घेऊन चाखली. म्हणाली, "लसूण बेताचाच घातलायस. आम्ही चान्या भाजल्या की त्यावर असंच करायचो. पण हे शिरक्याचं पाणी कुठलं आमच्याकडं? चिंच चोळायचो."

त्याने हात पुसले आणि वही काढली. चिंच किती, विचारायला लागला. ती बोटांची चिमूट करून दाखवत होती आणि तो म्हणत होता, "आई, ग्रॅममध्ये सांग."